किल्ली बोर्डात ठेवायचीच नाही

टीटीजीओ टी-डिस्प्ले हा बोर्ड काडेपेटीएवढा लांब आणि तिच्याहून अरुंद. अंगावर १.१४ इंचाचा रंगीत पडदा, दोन बटणं, टाइप-सी सॉकेट आणि इएसपी३२ चिप. कुणी त्यावर पाण्याच्या टाकीची पातळी बघतं, कुणी यंत्रमागाचे फेरे मोजतं. त्याच बोर्डावर बिटकॉइनचं हार्डवेअर वॉलेटही चालतं, आणि चांगलं चालतं. अट एकच: त्याच्या गळ्यात भलतं काम मारायचं नाही.

वॉलेट म्हटलं की पाकीट डोळ्यासमोर येतं आणि घोळ तिथूनच सुरू होतो. नाणी कुठल्याच उपकरणात नसतात, त्यांची नोंद साखळीवर, म्हणजे ब्लॉकचेनवर असते. तुमच्याकडे असते ती सहीची किल्ली. उपकरणाने तीन कामं करायची: इंटरनेटला जोडलेल्या कॉम्प्युटरला किल्ली दिसू द्यायची नाही, कशावर सही होतेय ते स्वतःच्या पडद्यावर दाखवायचं, आणि सही करायची. चौथं काम लोक न विचारता गृहीत धरतात, ते म्हणजे उपकरण चोराच्या हाती लागलं तरी आतली किल्ली निघू नये. छंदाच्या बोर्डाला हे चौथं काम जमत नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये लिमिटेडरिझल्ट्स या नावाने लिहिणाऱ्या संशोधकाने इएसपी३२ च्या व्होल्टेजला नेमक्या क्षणी झटका देऊन फ्लॅश एन्क्रिप्शन (आतला मजकूर कुलुपबंद ठेवणं) आणि सिक्युअर बूट (सही नसलेला प्रोग्राम चालू न देणं) या दोन्हींच्या किल्ल्या इ-फ्यूजमधून, म्हणजे चिपमधल्या एकदाच लिहिता येणाऱ्या जागेतून वाचून दाखवल्या. पुढच्या चिपमध्ये, म्हणजे रिव्हिजन ३ मध्ये, त्यावर उपाय आले. पण विकतची उपकरणंही यातून सुटलेली नाहीत. जानेवारी २०२० मध्ये क्रॅकेन या क्रिप्टो एक्स्चेंजच्या सुरक्षा प्रयोगशाळेने ट्रेझर या विकतच्या हार्डवेअर वॉलेटमधल्या एसटीएम३२ चिपवर असाच झटका वापरून सुमारे १५ मिनिटांत सीड, म्हणजे ज्यातून सगळ्या किल्ल्या निघतात ते मूळ गुपित, बाहेर काढलं होतं.

म्हणून इथली मांडणी सरळ आहे. किल्ली बोर्डात साठवायचीच नाही. ती बारा शब्दांच्या रूपात स्टीलच्या पट्टीवर राहील. सही करायची त्या दिवशी शब्द बोर्डात भरायचे, काम झालं की केबल उपटायची. वीज गेली की बोर्ड सगळं विसरतो. चोरीला गेला तर बोर्डाची किंमत गेली, बाकी काही नाही.

मग विकतचंच का घेऊ नये? घ्या की, वाईट नसतं. पण दोन गोष्टी लक्षात असू द्या. २०२० मध्ये लेजर या हार्डवेअर वॉलेट कंपनीच्या गिऱ्हाइकांची यादी फुटली आणि सुमारे २ लाख ७२ हजार लोकांची नावं, पत्ते, फोन नंबर उघड्यावर आले. हार्डवेअर वॉलेट मागवणाऱ्यांची यादी म्हणजे कुणाच्या घरी काय आहे त्याची यादी. डेव्हलपमेंट बोर्डाच्या पार्सलवरून असं काही कळत नाही, तो इंजिनिअरिंगच्या पोराच्या प्रोजेक्टचाही असू शकतो. दुसरी गोष्ट म्हणजे २०२३ मध्ये कॅस्परस्कीने तपासलेला नकली ट्रेझर. वरून हुबेहूब, आतली चिप बदललेली, आणि नवं सीड बनवायला सांगितलं की आधीच ठरवलेल्या २० सीडपैकी एक देणारा. साध्या बोर्डावर वॉलेटचं फर्मवेअर (चिपवर चालणारा प्रोग्राम) नसतंच, ते आपण आपल्या हाताने चढवतो. बोर्डाच्या चिपमध्येच कुणी काही करून ठेवलं असेल तर इलाज नाही, पण प्रत्येक टी-डिस्प्ले वॉलेटसाठीच विकला जात नाही, त्यामुळे त्यात खोड्या घालून ठेवण्यात कुणाला फारसा फायदाही नाही.

आधी एक तपासा, नाहीतर बोर्ड टेबलावर येऊन पडेल आणि उपयोग शून्य. तुमची नाणी ज्या ॲपवर आहेत तिथून ती बाहेरच्या पत्त्यावर काढता येतात का? भारतातल्या काही ॲपमध्ये खरेदी-विक्री होते, पण नाणं बाहेर पाठवता येत नाही. आणि इथे जे सांगतोय ते फक्त बिटकॉइनचं. पुढे ज्यांची नावं येतील त्यांपैकी जेडचं फर्मवेअर बिटकॉइन आणि लिक्विड (बिटकॉइनला जोडलेली वेगळी साखळी) यांच्यापुरतं आहे, क्रक्स आणि सीडसायनर बिटकॉइनपुरती. ट्रॉन या दुसऱ्या साखळीवरचा टेदर (डॉलरशी बांधलेलं नाणं) घेऊन बसलेल्यांना यातलं काही लागू नाही.

कुठला बोर्ड, कुठलं फर्मवेअर

स्वतः फर्मवेअर लिहायचा मोह आवरा. आर्डुइनो उनो आर३ ची रॅम २ केबी, तिथे हे गणित बसवण्यात अर्थ नाही. इएसपी३२ वर मायक्रो-बिटकॉइनसारखी लायब्ररी घेऊन पत्ते काढता येतात, सह्याही होतात, आणि शिकायला ते उत्तम आहे. पण प्रत्येक सहीत एक गुप्त आकडा लागतो, तो दोनदा सारखा आला की किल्ली गणितानेच बाहेर पडते. ऑगस्ट २०१३ मध्ये अँड्रॉइडच्या यादृच्छिक आकड्यांच्या दोषामुळे लोकांची बिटकॉइन याच वाटेने गेली होती. आता आरएफसी ६९७९ या ठरलेल्या पद्धतीप्रमाणे हा आकडा किल्ली आणि संदेश यांतूनच काढतात. तरीही दहा जणांनी डोळे घालून तपासलेलं फर्मवेअर वापरलेलं बरं.

पर्याय चार. ब्लॉकस्ट्रीम कंपनीच्या जेड या हार्डवेअर वॉलेटचं फर्मवेअर खुलं आहे आणि टी-डिस्प्ले, एम५स्टॅक अशा इएसपी३२ बोर्डांसाठी त्यात तयार कॉन्फिगरेशन आहेत. क्रक्स हे के२१० चिपच्या एम५स्टिकव्ही, मैक्स अमिगो वगैरे बोर्डांवर चालतं. कॅमेरा असल्याने सगळा व्यवहार क्यूआर दाखवून आणि वाचून होतो, केबल फक्त विजेपुरती. स्पेक्टर-डीआयवाय एसटीएम३२एफ४६९ डिस्कव्हरी बोर्डावर चालतं, पडदा मोठा आणि बोर्ड महाग. सीडसायनर हा खरं तर मायक्रोकंट्रोलर नव्हे. रास्पबेरी पाय झिरो १.३ (ज्यावर वायफाय-ब्लूटूथच नाही), वेव्हशेअरचा १.३ इंची पडदा आणि छोटा कॅमेरा अशी तीन तुकड्यांची जोडणी. कॅमेऱ्याची पट्टी पाय झिरोची, म्हणजे एका टोकाला अरुंद असलेली घ्यावी लागते. मोठ्या पायची पट्टी बसत नाही आणि पुन्हा कुरिअरची वाट बघावी लागते.

के२१० चे बोर्ड मिळाले तर क्रक्स पहिल्या पसंतीचं. इथे टी-डिस्प्ले निवडलाय तो सहज मिळतो आणि सोल्डरिंग शून्य आहे म्हणून. पुण्या-मुंबईच्या रोबोटिक्स दुकानांतून इथे सोलापूरला कुरिअरने येतो. मागवताना नाव नीट वाचा. टी-डिस्प्ले एस३ हा वेगळा बोर्ड आहे: पडदा १.९ इंच, चिप इएसपी३२-एस३. साध्या टी-डिस्प्लेसाठी बांधलेलं फर्मवेअर त्यावर चढवायला गेलात तर ‘चिप एस३ आहे, इएसपी३२ नाही’ असं सांगून फर्मवेअर चढवणारं इएसपीटूल थांबतं. पिना जोडलेला घ्यायची गरज नाही, बिनपिनांचा डबीत बसतो. यूएसबीची चिप सीपी२१०४ किंवा सीएच९१०२ यांपैकी असते, दोन्ही चालतात.

सोबत लागतं ते इतकंच: डेटा जाणारी टाइप-सी केबल, उबुंटू असलेला लॅपटॉप आणि चार-पाच जीबी मोकळी जागा. केबलवर अडखळणाऱ्यांची संख्या बाकी सगळ्या अडचणींपेक्षा मोठी. नवी पेठेत स्वस्तात मिळणाऱ्या पुष्कळ केबली फक्त चार्जिंगच्या असतात. पडदा उजळतो, पण कॉम्प्युटरला बोर्ड दिसत नाही. मोबाईलमधले फोटो ज्या केबलने लॅपटॉपवर उतरतात तीच वापरा.

फर्मवेअर चढवताना

पहिल्यांदा चिप बनवणाऱ्या एस्प्रेसिफचं इएसपी-आयडीएफ, म्हणजे फर्मवेअर बांधायची हत्यारं. जेडच्या रीडमीत आयडीएफची जी आवृत्ती लिहिलीय तीच घ्यायची. ‘सगळ्यात नवी’ घेतली की बांधणी अर्ध्यात मोडते आणि चूक तुमची की कोडची हेच कळत नाही. मग जेडचा सोर्स ‘रिकर्सिव्ह’ लावून क्लोन करायचा, कारण लिबवॉली आणि एसईसीपी२५६के१ या गणिताच्या लायब्रऱ्यांचं कोड उपभांडारांत असतं. हा शब्द राहिला तर हेडर फाईल सापडत नाही म्हणून शंभर ओळींची ओरड येते. मास्टर शाखा (रोज बदलणारा सोर्स) घेऊ नका, प्रसिद्ध झालेला टॅग, म्हणजे आकडा दिलेली आवृत्ती घ्या आणि त्यावरची, लिहिणाऱ्यांची डिजिटल सही तपासा.

ही सही तपासायला आळस करू नका. ऑगस्ट २०२४ मध्ये ‘डार्क स्किपी’ नावाचा हल्ला जाहीर झाला. फर्मवेअर दुष्ट असेल तर बारा शब्दांचं अख्खं सीड ते फक्त दोन सह्यांच्या आत लपवून साखळीवर सोडू शकतं. केबल नसली, कॅमेऱ्यानेच काम असलं तरीही. तुमच्या पडद्यावर काहीच वावगं दिसत नाही.

पुढे कॉन्फिग्ज फोल्डरमधली टीटीजीओ टी-डिस्प्लेच्या नावाची डिफॉल्ट्स फाईल उचलून मुख्य फोल्डरमध्ये ‘एसडीकेकॉन्फिग डॉट डिफॉल्ट्स’ या नावाने ठेवायची. इथे एक गंमत होते. आधी दुसऱ्या बोर्डासाठी बांधणी केली असेल तर जुनी ‘एसडीकेकॉन्फिग’ फाईल तिथेच पडलेली असते, आणि ती असली की आयडीएफ नव्या डिफॉल्ट्सकडे ढुंकूनही बघत नाही. ती फाईल आणि बिल्ड फोल्डर दोन्ही उडवा. मग मेन्यूकॉन्फिग उघडून डिबग मोड आणि लॉग बंद आहेत ना बघा. ब्लूटूथ लागणार नसेल तर तेही बांधणीतूनच काढा. केबल असताना रेडिओ कशाला?

फ्लॅश करायची आज्ञा दिल्यावर पहिल्यांदा बहुतेकांना ‘परमिशन डिनाइड’ दिसतं. लिनक्सवर तुमचं खातं डायलआउट गटात घालायचं आणि लॉगआउट करून परत यायचं. नुसती टर्मिनलची खिडकी बंद करून भागत नाही. सीपी२१०४ असलेला बोर्ड टीटीवाययूएसबी-शून्य म्हणून दिसतो, सीएच९१०२ असलेला टीटीवायएसीएम-शून्य म्हणून; चुकीच्या नावाने शोधलात तर बोर्ड मेला असं वाटतं. जोडणी सुरू होऊन ठिपके-ठिपके येत राहिले आणि शेवटी वेळ संपली, तर जीपीआयओ-शून्यचं बटण दाबून धरा, बाजूचं रिसेट दाबून सोडा, मग पहिलं सोडा. चढवताना मध्येच तुटत असेल तर वेग ९२१६०० वरून ११५२०० वर आणा. ‘ब्राउनआउट’ असं येऊन बोर्ड पुन्हा पुन्हा सुरू होत असेल तर दोष फर्मवेअरचा नाही, लांब बारीक केबलचा किंवा हबचा आहे. थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावा. मागाजवळच्या घरात सॉकेटमध्ये कापसाचे तंतू बसलेले असतात, तेही एकदा काडीने काढा.

चढवताना लाईट गेली, केबल निसटली, तर घाबरू नका. पहिला बूटलोडर चिपच्या रॉममध्ये कायमचा कोरलेला असतो, तो पुसला जात नाही. पुन्हा चढवा.

पडद्याच्या कडेला रंगीत बर्फासारखी पट्टी दिसली किंवा अक्षरं अर्धी कापली गेली तर कॉन्फिगरेशन दुसऱ्या बोर्डाचं आहे. एसटी७७८९ हा पडदाचालक २४० बाय ३२० ठिपक्यांचा, आणि आपल्या पडद्यावर दिसतात १३५ बाय २४०. ही खिडकी स्मृतीत कुठून सुरू होते ते प्रत्येक बोर्डागणिक वेगळं सांगावं लागतं.

सिक्युअर बूट आणि फ्लॅश एन्क्रिप्शनच्या वाटेला जाऊ नका. इ-फ्यूज एकदाच जळतो. किल्ली चुकीची जाळली, किंवा सहीची किल्ली असलेली फाईल नंतर हरवली, की बोर्ड कीचेनला लावायच्या लायकीचा उरतो. किल्ली आत ठेवणारच नाही आहोत, तर हा खटाटोप कुणासाठी?

बारा शब्द कुठून आणायचे

सगळ्या उपद्व्यापात जीव आहे तो इथे. बीआयपी-३९ म्हणजे सीड शब्दांत लिहायची ठरलेली पद्धत. तिच्या यादीत २०४८ इंग्रजी शब्द आहेत. २०४८ म्हणजे दोनचा अकरावा घात, म्हणून एक शब्द म्हणजे ११ बिट. बारा शब्दांचे १३२ बिट. त्यातले १२८ यादृच्छिक आणि शेवटचे ४ तपासणीचे. चोवीस शब्दांना २५६ अधिक ८.

हे १२८ बिट बोर्डाकडून मागू नका. एस्प्रेसिफच्याच कागदपत्रांत लिहिलंय की वायफाय किंवा ब्लूटूथ चालू नसेल आणि एडीसीचा (व्होल्टेज मोजणाऱ्या भागाचा) गोंगाटही जोडलेला नसेल, तर इएसपी३२ चे यादृच्छिक आकडे खरे यादृच्छिक धरू नयेत. आणि आपण तर रेडिओ काढून टाकलाय. जेड बोर्डाबाहेरून आणखी गोष्टी मिसळतं, हे खरं. पण वाईट आकडे दिसायला चांगल्या आकड्यांसारखेच असतात, फरक डोळ्याला कळत नाही. २०२३ मध्ये ‘मिल्क सॅड’ म्हणून गाजलेल्या प्रकरणात लिबबिटकॉइनची आज्ञा २५६ बिटचं सीड देतेय असं दिसत होतं, आत मात्र फक्त ३२ बिटचं बीज होतं. ३२ बिट म्हणजे सुमारे ४२९ कोटी शक्यता. मोठा आकडा वाटतो, पण साधा कॉम्प्युटर तो चाळून काढतो.

रुपयाचं नाणं घ्या. छापा आला तर १, काटा आला तर ०. वहीत डावीकडून उजवीकडे अकरा घरं, आणि डोक्यावर १०२४, ५१२, २५६, १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १. समजा आलं ० १ ० ० १ १ ० १ ० १ १. जिथे १ आहे त्या डोक्यांची बेरीज: ५१२ + ६४ + ३२ + ८ + २ + १ = ६१९. आता शंभरातले पन्नास जण चुकतात ती जागा. नाण्याची मोजणी शून्यापासून आहे आणि छापील यादी एकपासून. म्हणून ६१९ मध्ये एक मिळवून यादीतला ६२० वा शब्द घ्यायचा. अकराही वेळा काटा आला तर पहिला शब्द ‘अबॅन्डन’, अकराही छापा तर २०४८ वा ‘झू’. एक न मिळवता सगळे शब्द एकने सरकले तरी सीड तितकंच भक्कम असतं. धोका तेव्हा, जेव्हा काही शब्दांना मिळवता आणि काहींना विसरता, आणि नंतर वहीवरून पडताळायला बसल्यावर काही जुळत नाही.

असे अकरा शब्द काढायचे, १२१ वेळा नाणं उडवून. बारावा मनाने घेता येत नाही, त्यात तपासणीचे ४ बिट आहेत. उरलेल्या ७ बिटमुळे चालतील असे १२८ शब्द असतात. जेडमध्ये अकरा शब्द भरल्यावर शेवटचा शब्द काढून देण्याची सोय आहे. सीडसायनरमध्ये त्या ७ बिटसाठी आणखी सात वेळा नाणं उडवून आकडे भरता येतात. फासे जास्त सोयीचे वाटत असतील तर सीडसायनर लुडोच्या फाशाचे ५० टाके घेतं. एका टाक्यात २.५८ बिट, म्हणजे ५० टाक्यांत १२९. चोवीस शब्दांना ९९ टाके. नाणं थोडं एका बाजूला झुकत असलं तरी बिघडत नाही. अगदी १०० पैकी ५१ वेळा छापा पडणारं असलं तरी १२८ पैकी फार तर चार बिटची घट येते. कंटाळून हाताने ‘आता काटा येऊ दे’ म्हणत लिहिलेले आकडे मात्र घातक.

दारं-खिडक्या लावा आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. वहीचा फोटो क्लाउडवर आपोआप चढतो, हे लोकांना नंतर आठवतं.

आणखी एक, मराठी माणसासाठी खास. बीआयपी-३९ च्या अधिकृत याद्यांत जपानी, कोरियन, स्पॅनिश, झेक वगैरे भाषा आहेत, भारतातली एकही नाही. म्हणून कुणी इंग्रजी शब्द देवनागरीत लिहून ठेवतं. तसं करू नका. यादीत उजवा या अर्थाचा ‘राइट’ आहे आणि लिहिणे या अर्थाचाही ‘राइट’ आहे. कपडे घालण्याचा ‘वेअर’ आहे आणि कुठे या अर्थाचाही. पाच वर्षांनी वहीतून यातलं कुठलं हे कसं कळणार? रोमन मोठ्या अक्षरांतच लिहा. प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरं यादीत एकमेव असतात, त्यामुळे चारच लिहिली तरी पुरतात. ज्यादाचा पासफ्रेज (शब्दांच्या जोडीला आपण ठरवलेला गुप्त मजकूर) लावणार असाल तर तोही देवनागरीत नको, बोर्डाच्या कीबोर्डवर ती अक्षरंच नाहीत. पासफ्रेजमध्ये एक अक्षर चुकलं तरी उपकरण चूक दाखवत नाही, मुकाट्याने दुसरंच रिकामं वॉलेट उघडतं.

आधी खोट्या शब्दांनी

खरे शब्द भरायच्या आधी सगळ्या जगाला माहीत असलेलं परीक्षेचं सीड वापरा: ‘अबॅन्डन’ अकरा वेळा आणि शेवटी ‘अबाउट’. जेडमध्ये ‘टेम्पररी साइनर’ हा पर्याय निवडून ते भरा. पिनचा पर्याय नको. जेडचा पिन तपासायला बाहेरचा सर्व्हर लागतो आणि तीन चुकांनंतर आतली किल्ली पुसली जाते. मूळ उपकरणावर ही रचना हुशारीची आहे, पण सिक्युअर बूट नसलेल्या बोर्डावर कुणीही फर्मवेअर बदलून पिन टिपून घेऊ शकतो.

लॅपटॉपवर स्पॅरो वॉलेट हा प्रोग्राम उघडून बोर्ड जोडा. मास्टर फिंगरप्रिंट, म्हणजे सीडवरून निघणारी आठ अक्षरांची ओळख, ७३सी५डीए०ए यायला हवा. नेटिव्ह सेगविट या प्रकारचा पहिला पत्ता ‘बीसी१क्यूसीआर८’ ने सुरू होऊन ‘६एफवाययू’ ने संपतो. हे जुळलं म्हणजे बीआयपी-३९ पासून पत्त्यापर्यंतचं सगळं गणित बरोबर आहे. फिंगरप्रिंट जुळला आणि पत्ता वेगळा आला तर स्पॅरोमध्ये स्क्रिप्टचा प्रकार किंवा मार्ग चुकलाय, ८४-०-० हवा. या पत्त्यावर खरं नाणं चुकूनही पाठवू नका. ते क्षणात उचलायला लोकांनी यंत्रं लावून ठेवली आहेत.

मग टेस्टनेट किंवा सिग्नेट या सरावाच्या साखळ्यांवर फुकटची नाणी मागवून एक आवक आणि एक जावक करून बघा. त्यानंतर आपले खरे शब्द भरून फिंगरप्रिंट टिपून घ्या, केबल काढा, पुन्हा जोडून पट्टीवरून शब्द भरा आणि तोच फिंगरप्रिंट येतो का पाहा. जमलं तर सीडसायनर किंवा क्रक्सवरही तेच शब्द भरून बघा. दोन वेगळ्या लोकांनी लिहिलेली फर्मवेअर एकच फिंगरप्रिंट देत असतील तर मोठी शंका मिटते. एवढं झाल्यावरच थोडी रक्कम पाठवायची.

दोन बटणांवर बारा शब्द भरणं जिवावर येतं, खोटं कशाला सांगू. पहिली दोन-तीन अक्षरं दिली की यादी आकसते, तरी सरावाच्या हातालाही काही मिनिटं लागतात. रोज खर्च करणाऱ्यासाठी हे नाहीच. वर्षातून तीन-चारदा सही करणाऱ्यासाठी आहे.

स्टीलची पट्टी

कागदाला वाळवी, पाणी आणि आग, तिन्हींचं भय. ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची दीड-दोन मिलिमीटर जाडीची पट्टी आणि ३ किंवा ४ मिलिमीटरचे अक्षरांचे ठसे घ्या. बारा शब्दांना जास्तीत जास्त ४८ अक्षरं. पट्टीखाली जाड लोखंडी ठोकळा ठेवा. लाकडावर ठोकलं तर पट्टी वाकते आणि ठसा उथळ पडतो. एका ठोक्यात उठवा, दुसऱ्या ठोक्याला ठसा सरकून अक्षर दुहेरी होतं. स्टेनलेसवर साधे ठसे लवकर बोथट होतात, म्हणून आधी टाकाऊ तुकड्यावर ‘ई’ आणि ‘एफ’ उठवून दोन्ही वेगळी वाचता येतात का ते बघा. अॅल्युमिनियम नको, ते ६६० अंशांना वितळतं. स्टेनलेस सुमारे १४०० अंशांपर्यंत तग धरतं.

भांड्यांच्या दुकानात लग्नाच्या ताटांवर नावं घालणारा माणूस हे काम बसल्या बसल्या सुबक करून देईल. पण मग ते शब्द त्याने वाचलेले असतील. ठोकाठोक घरीच.

पुढेमागे कॅमेऱ्याच्या उपकरणावर जायचं असेल तर कॉम्पॅक्ट सीडक्यूआर, म्हणजे क्यूआरच्या रूपातलं सीड, करून ठेवा. बारा शब्दांचा क्यूआर २१ बाय २१ घरांचा बसतो. सोलापुरी चादरीची नक्षी जॅकार्डसाठी चौकटीच्या कागदावर कशी उतरवतात ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे नवं नाही: ओळ धरा, घरं मोजा, भरा. छापील नमुन्यावर कोपऱ्यातले तीन मोठे चौकोन आधीच असतात. एखाददुसरं घर चुकलं तरी वाचला जातो, पण भरून झाल्यावर उपकरणावर वाचून फिंगरप्रिंट जुळवल्याशिवाय तो कागद कपाटात टाकू नका.

सही करताना

स्पॅरोमध्ये व्यवहार तयार करा आणि बोर्डाकडे पाठवा. आता लॅपटॉपकडे बघणं बंद. १८ जुलै २०२४ ला वझीरएक्स या भारतातल्या क्रिप्टो एक्स्चेंजच्या पाकिटातून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी गेली; कंपनीने तेव्हा दिलेल्या निवेदनाप्रमाणे सह्या करणाऱ्यांना समोर दिसत होतं एक आणि सही झाली दुसऱ्याच गोष्टीवर. साधा नेटिव्ह सेगविटचा पत्ता ४२ अक्षरांचा असतो. बोर्डाच्या पडद्यावरचा पत्ता चार-चारच्या गटाने, ज्याने पैसे मागितले त्याच्याकडून फोनवर वाचून घेऊन जुळवा. कॉपी-पेस्टमध्ये पत्ता बदलणारे व्हायरस आहेत, आणि पहिली-शेवटची चार-पाच अक्षरं सारखी असलेला पत्ता मुद्दाम बनवणारेही आहेत. मधली अक्षरं वाचा. रक्कम आणि फी वाचा.

स्वतःच्या एका पाकिटातून दुसऱ्यात नाणं हलवणं ही विक्री नव्हे, पण तारीख, रक्कम आणि व्यवहार क्रमांक वहीत लिहा. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आहे, तोट्याची वजावट नाही, आणि खरेदीचा पुरावा दाखवता आला नाही तर सीएसुद्धा हात वर करतो.

डबी, ऊन आणि पुढच्या खेपेला

बोर्डाला लिथियम बॅटरीची जागा आहे. जोडू नका. अशी बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते, आणि मे महिन्यात पत्र्याच्या घरात सोलापूरची हवाच ४२-४३ ला टेकलेली असते. डबीत त्याहून जास्त. शिवाय त्या छोट्या सॉकेटच्या बॅटऱ्यांचे लाल-काळे कधी उलट आलेले असतात. केबल तशीही लागणारच आहे. पॉवर बँकेवर चालवायचा विचार असेल तर पुष्कळ बँका इतक्या कमी करंटला ‘काही जोडलेलंच नाही’ समजून अर्ध्या मिनिटात बंद पडतात, नेमकं नवव्या शब्दाला.

डबी थ्रीडी प्रिंटची करायची तर पीएलए प्लॅस्टिक नको, ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि गाडीच्या डॅशबोर्डवर दुपारभर राहिलं की पापडासारखं वळतं. पीईटीजी घ्या. नाहीतर जुनी सुपारीची प्लॅस्टिकची डबी घेऊन तिला सॉकेटपुरतं भोक पाडा. पत्र्याची असेल तर आत इन्सुलेशन टेप चिकटवल्याशिवाय बोर्ड ठेवू नका.

बोर्डात काही साठत नसलं तरी तो कुणाच्या हाती लागून आतलं फर्मवेअर बदललं जाऊ शकतं. त्यामुळे पुढच्या खेपेला शब्द भरण्याआधी तोच टॅग पुन्हा चढवा, मिनिटाचं काम आहे. बांधलेली फाईल आणि तिचा एसएचए-२५६ (फाईल बदललेली नाही हे पडताळायचा आकडा) पेनड्राइव्हवर ठेवा, आणि बोर्डाच्या पाठीवर कागदी टेप लावून पेनाने टॅगचा आकडा आणि फिंगरप्रिंट लिहा. शब्द नव्हे, फिंगरप्रिंट.